ताई एका दिवसानं मोठी झाली

माझ्या ताईचा जन्म तान्ह्या पोळ्याच्या दिवशीचा. आई अजून सांगते, सिंदीत लहान पोरं लाकडी नंदी सजवून रस्त्यावर निघाली होती, आणि त्या गर्दीतून वाट काढत सुईण घरी आली. म्हणजे ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरची सुरुवात. शाळेच्या दाखल्यावर मात्र तिची जन्मतारीख एक जुलै आहे. माझ्याही दाखल्यावर एक जुलैच आहे, साल तेवढं वेगळं. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांची तीच.

यात फसवणूक नव्हती. शाळा उघडायच्या सुमारास गुरुजी घरोघर फिरायचे. "पोरगी सहाची झाली का?" असं विचारायचे. आई म्हणायची, "झाली असन. पोळ्याले होते." पोळा म्हणजे शाळा सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी, तोवर थांबलं तर मुलीचं वर्ष जाणार. मग गुरुजी म्हणायचे, "एक जुलै लिहितो." त्या एका ओळीमुळे कितीतरी पोरी पहिलीत बसल्या. त्या गुरुजींबद्दल मला आजही फक्त कृतज्ञता आहे. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे, आणि माझ्या पदवीचा पहिला दगड त्यांनीच लावला. हे आधी सांगते, कारण पुढच्या सगळ्या प्रकारात काही लोकांनी दोष त्यांच्यावर टाकला, आणि तो मला आजही सहन होत नाही.

मी वर्ध्याला एका लहानशा कंपनीत काम करते. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही स्वतः मोठे प्रोग्राम लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले बसवून देतो, चालवतो, अडलं तर फोन घेतो. जिल्ह्यातली एक संस्था रुग्णसेविकांचं प्रशिक्षण देते, राहणं-जेवण तिथंच आणि शेवटी त्यांच्याच दवाखान्यात नोकरी. ज्या बायकांचं शिक्षण लग्नामुळे बारावीला थांबलं, त्यांच्यासाठीच हा वर्ग. म्हणून वयाची अटही मोठी ठेवलेली: एक जुलैला वय पस्तीसच्या वर नको. त्या वर्षी अर्ज पहिल्यांदा कॉम्प्युटरवर घेतले, आणि ते काम आमच्याकडे आलं.

ताईनं मला न सांगता अर्ज भरला. हिंगणघाटला जाऊन, भाऊजींना सोबत घेऊन. ती वडनेरला दिलेली. बारावी सायन्सला तिला माझ्यापेक्षा चांगले गुण होते. वडनेरात कोणाच्या घरी दवाखान्यातून गोळ्या आल्या की पाकीट ताईकडे येतं: ही सकाळची की रात्रीची, जेवणाआधी की नंतर. अर्ज भरल्यावर तिनं फोन केला.

"तुह्याच हापिसात येईन माहा कागद. नीट ठेवजो."

"ताई, आता कागद नसतो."

"मंग जे काही असते ते नीट ठेवजो."

आणि मग, हसणं थांबवून, "हे शेवटचं वर्ष हाय माहं. पुढच्या वर्षी वय निघून जाते."

जुलैत तिला मेसेज आला. वयोमर्यादा ओलांडल्यामुळे अर्ज अपात्र.

मला आधी वाटलं, तिनंच काहीतरी चुकीचं भरलं. तिला विचारलं, तर तिनं भरलेल्या अर्जाची छापील प्रत फोटो काढून पाठवली. त्यावर स्वच्छ एक जुलै. त्या दिवशी पस्तीस पूर्ण होतात. पस्तीसच्या वर जात नाहीत. ती अटीत बसत होती. तेवढ्यात आमच्या जिन्यावर दोन बायका आल्या, एक आर्वीकडची, एक सेलूकडची. दोघींच्या हातात तशीच छापील प्रत, तोच मेसेज, आणि तारीखही तीच, ताईच्याच सालातली. मी त्यांना खुर्च्या दिल्या आणि संस्थेचा छाननीचा प्रोग्राम उघडला. तिथं तिघींच्याही नावापुढं तीस जून होतं.

तिन्ही बायका एका रात्रीत एक दिवसानं मोठ्या झाल्या होत्या.

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल, पण ते अवघड नाही. अर्ज भरायचा प्रोग्राम पुण्याच्या एका कंपनीनं एका भाषेत लिहिलेला. छाननीचा प्रोग्राम नागपूरच्या दुसऱ्या कंपनीनं दुसऱ्या भाषेत लिहिलेला. एका भाषेच्या प्रोग्राममध्ये माहितीची जी वस्तू तयार होते, समजा एक बाई, तिचं शिक्षण, तिची जन्मतारीख, ती जशीच्या तशी उचलून दुसऱ्या भाषेच्या प्रोग्रामला देता येत नाही. दोघांच्या आतली रचना वेगळी असते. म्हणून ती आधी खोलून तिचा साधा मजकूर करायचा, तो मजकूर पाठवायचा, आणि पलीकडच्यानं त्यावरून आपल्या पद्धतीनं वस्तू पुन्हा जोडायची. ताईच्या लग्नात दिलेला पलंग असाच गेला होता. सिंदीच्या सुतारानं खोलून मेटाडोरमध्ये भरला, वडनेरच्या सुतारानं जोडला, आणि डोक्याकडची फळी पायाकडे बसवली. दोघांनाही विचारा, दोघंही छातीवर हात ठेवून सांगतील की आपलं काम बरोबर.

पुण्याच्या प्रोग्रामला नुसती तारीख ठाऊकच नव्हती. त्याच्या लेखी प्रत्येक तारीख म्हणजे एक क्षण. एक जुलै म्हणजे एक जुलैच्या मध्यरात्रीचा ठोका. मजकूर करताना तो क्षण जगाच्या वेळेत बदलायचा, आणि जगाची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. मध्यरात्रीतून साडेपाच तास गेले की आदल्या दिवसाची संध्याकाळ येते. म्हणून मजकुरात जायचं: तीस जून, संध्याकाळचे साडेसहा. नागपूरच्या प्रोग्रामला वेळेशी काही कर्तव्य नव्हतं. जन्मतारखेला वेळ कशाला? त्यानं संध्याकाळ कापून टाकली आणि तीस जून ठेवून घेतलं.

म्हणजे अर्ज केलेल्या प्रत्येकच बाईची जन्मतारीख एक दिवस मागं गेली होती. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाकीच्यांना एका दिवसानं फरक पडत नव्हता. फरक पडला तो ज्यांच्या नावापुढं गुरुजींनी एक जुलै लिहिलं होतं आणि ज्यांचं हे शेवटचं वर्ष होतं त्यांना.

मी हे सगळं नीट लिहून दोन्ही कंपन्यांना पाठवलं. मला, खरं सांगते, आनंद झाला होता. चूक सापडली म्हणजे ती दुरुस्त होणार, असं मला वाटलं. कॉलेजात सरांनी तेच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा एकत्र कॉल झाला. आमच्या कंपनीचे सर माझ्या शेजारी बसले होते. पुण्याचा प्रमुख पहिल्यांदा बोलला. आवाज गोड, घाई नाही.

"मॅडम, आमच्याकडून अगदी स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये डेटा जातो. वेळेसकट. पूर्ण माहिती आम्ही देतोय. समोरच्यानं ती अर्धी वाचली, तर त्याला आम्ही काय करणार?"

नागपूरचा म्हणाला, "भाऊ, तुम्ही जन्मतारखेत टाइम पाठवताच कायले? बच्चा किती वाजता झाला हे कोणी विचारलं का तुम्हाले? आपल्याकडे ठरलं होतं, तारीख येईल. तारीख आली. आम्ही घेतली."

"डॉक्युमेंट वाचा ना."

"तुम्हीच वाचा. बघा त्याच्यात काय लिहून आहे."

असं बराच वेळ चाललं. मी मध्ये बोलले, "सर, पण आत्ता ज्या बायका बाहेर पडल्या, त्यांचं काय करायचं?"

पुण्याचा म्हणाला, "किती जणी असतील हो? बरोबर कट-ऑफच्याच दिवशी जन्मलेल्या? ही एज केस आहे. काठावरची. दर वर्षी एखादी असेल."

"नाही सर. खूप जणी आहेत."

"म्हणजे? तुमच्याकडे सगळे एकाच दिवशी जन्मतात का?"

कोणीतरी हसलं. मग दोन्ही बाजूंचे हसले. इतका वेळ एकमेकांच्या अंगावर जाणारे लोक तेवढ्या एका गोष्टीवर एक झाले.

"हो," मी म्हणाले. "आमच्याकडे एकाच दिवशी जन्मतात."

मी गुरुजींचं सांगितलं. तान्ह्या पोळ्याचं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला आणि शब्द आमच्या गावचे यायला लागले, ते मला कळत होतं. आमच्या सरांनी टेबलाखालून हातानं खूण केली, हळू.

पुण्याचा म्हणाला, "मॅडम, मग मुळात तुमचा डेटाच खोटा आहे. शिक्षकांनी चुकीच्या तारखा लिहायच्या, आणि दोष सिस्टमला?"

खोटा! ताई खरंतर कागदापेक्षा दोन महिन्यांनी लहान आहे. कागदानं तिला दोन महिने मोठी केली ती शाळेत बसता यावं म्हणून, आणि त्या बदल्यात तिनं तक्रार न करता दोन महिने सोडून दिले. आता हा माणूस तिचा आणखी एक दिवस घेणार आणि वर तिलाच खोटी म्हणणार.

नागपूरचा म्हणाला, "असते यार असं इकडे. माह्या आईची पण एकच जुलै हाय."

मला वाटलं, झालं. आपला माणूस निघाला. याला कळलं.

तो पुढं म्हणाला, "पण आता छाननी बंद झाली ना. पुन्हा चालवायची तर चेंज रिक्वेस्ट टाका. अप्रूव्हल येऊ द्या. मग बघू."

पुण्याच्या माणसाला गुरुजी ठाऊक नव्हते, जुलैतल्या शाळेचं दार ठाऊक नव्हतं. ह्याला सगळं ठाऊक होतं. स्वतःची आई त्यातली, आणि तरी ह्याचं "मग बघू". पुण्याच्या माणसाचा राग मला त्या दिवसापुरता आला. ह्याचा अजून येतो.

कॉल संपल्यावर सर मला म्हणाले, "तू बरोबर आहेस. पण एवढं अंगावर नको घेत जाऊ. आपण मधले आहोत."

सर चांगले आहेत. मला इंग्रजीत धड बोलता येत नव्हतं तेव्हा त्यांनी नोकरी दिली. लहानपणापासून मला घरात एकच शिकवण आहे, ज्यानं हात दिला त्याला उलट बोलायचं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या शिकवणीचाही राग आला. मी सरांना म्हणाले, "सर, मधले आहोत म्हणूनच आपल्याला दोन्हीकडचं दिसतं. त्या दोघांना आपलं आपलंच दिसतं." पण संध्याकाळी ते संस्थेच्या सचिवांना भेटायला स्वतः माझ्यासोबत आले, हेही सांगायला हवं.

सचिव वयस्कर, शांत. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. मी लॅपटॉपवर दाखवलं: इकडे एक जुलै भरली, तिकडे तीस जून निघाली. त्यांना लगेच समजलं.

"हे तर वाईट झालं," ते म्हणाले. "पण मुली येऊन राहायला लागल्या आहेत. खाटा भरल्या. आता कोणाला उठवू?"

"उठवू नका. या बाहेर पडलेल्यांना जास्तीच्या घ्या."

"मंजुरी जेवढ्या जागांची, तेवढ्याच. पुढच्या वर्षी त्यांना नक्की अर्ज करायला सांगा."

"पुढच्या वर्षी त्या खरंच वयात बसत नाहीत, सर."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आपण त्यांना एक चांगलं पत्र देऊ. तांत्रिक कारणामुळे, असं लिहून. तूच कर मसुदा."

मी नाही म्हणाले. आयुष्यात वयानं मोठ्या माणसाला मी असं तोंडावर कधी नाही म्हटलं नव्हतं. तांत्रिक कारण म्हणजे जणू वीज पडली. वीज पडली नव्हती. दोन जाणत्या माणसांनी दोन टोकांना बसून काम केलं होतं, आणि एकानंही दुसऱ्याच्या टोकाला एक जन्मतारीख पाठवून ती तशीच पोचते का, हे पाहिलं नव्हतं. मजकूर पाठवायचा, पलीकडे उघडायचा, डोळ्यांनी बघायचा. चहा थंड व्हायच्या आत होणारं काम.

ताईला मी फोनवर सांगायचं टाळत होते. ती स्वतःच आली. सकाळच्या एसटीनं वर्ध्याला, डबा घेऊन, सोबत शाळेतली जुनी मैत्रीण, तिचाही अर्ज तसाच गेलेला. आमच्या दोन खोल्यांत चपला बाहेर काढून दोघी आत आल्या.

"मले दाखव," ताई म्हणाली. "फोनवर तू काय सांगून राह्यली ते मले काही समजलं नाई."

मी दाखवलं. तिची तारीख भरली, पाठवली, दुसरीकडे उघडली. ती स्क्रीनच्या अगदी जवळ गेली.

"हे एका गावचे लिहितेत?"

"हो, पुण्याचे."

"आन् हे दुसऱ्या गावचे वाचतेत?"

"नागपूरचे."

"मंग हे दोघं एकमेकाले भेटले नाई का कधी?"

"फोनवर भेटतात."

मैत्रीण म्हणाली, "आमच्या घरी सोयरिक जुळवाले गेलते तं दोन्हीकडून चार चार मानसं गेलते. तुमच्या इकडे कोनीच जात नाई का व?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ताईलाही आलं नाही. ती म्हणाली, "चाल. त्या सचिवाकडे नेऊन दे मले."

तिथं ती जे बोलली ते मी आधी कोणाला सांगितलेलं नाही. तिनं रडारड केली नाही, हात जोडले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाली, "सायेब, यंदा जागा नाई, समजलं. पुढच्या साली घ्या. पण वय यंदाच्या एक जुलैचं धरा. यंदा मी बसत होती. हे तुम्हीच पाह्यलं ना आता?"

इतकी साधी, इतकी न्यायाची मागणी. मी एवढे दिवस कॉल करत होते, मला सुचली नव्हती. सचिव म्हणाले, मागणी योग्य आहे, मी बैठकीत ठेवतो. आम्ही खरंच आशा धरली. ताईनं वडनेरला जाऊन भाऊजींना सांगितलं, सासूला सांगितलं. पुढच्या वर्षी मुलांना कोण बघेल याचंही त्यांनी ठरवून टाकलं.

बैठकीचा निरोप आला: काही उमेदवारांसाठी वयाचा नियम बदलता येत नाही.

तो निरोप मी वाचला आणि लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की सर आतल्या खोलीतून बाहेर आले. नियम बदलता येत नाही! एका माणसाची जन्मतारीख बदलता आली. कोणाची सही लागली नाही, कोणाची बैठक लागली नाही, कोणी तिला विचारलं नाही. गुरुजींनी निदान आईला विचारून लिहिली होती, दारात उभं राहून. इथं बदलली आणि कोणी बदलली याचं उत्तर द्यायला माणूसच नाही. पुण्याचा म्हणतो मी पूर्ण दिली, नागपूरचा म्हणतो मी आली तशी घेतली, सचिव म्हणतात माझा नियम स्वच्छ आहे. सगळे बरोबर, आणि ताई घरी.

दुरुस्ती झाली, हिवाळ्यात. चेंज रिक्वेस्टला मंजुरी आल्यावर पुण्याच्या कंपनीनं जन्मतारखेतून वेळ काढून टाकली. आता तिथून साधा मजकूर जातो: साल, महिना, दिवस. पलीकडे तोच उघडतो. एवढाच बदल. तो तपासून पास करायचं काम माझ्याकडे आलं. मी ताईचीच तारीख भरली. एक जुलै गेली, एक जुलै आली. मी पुन्हा पाठवली. पुन्हा एक जुलै. मी ती किती वेळा पाठवली मला माहीत नाही, सर म्हणाले, "अगं, झालं ते, पास कर."

मी पास केलं आणि बाहेर जिन्यात येऊन ताईला फोन लावला. ती शेतात होती, तुरीत. मागं बायकांचा आवाज येत होता.

"ताई, ते नीट झालं. आता पुढं कोणाचं तसं होणार नाही."

"माहं होते का?"

"नाही."

मागं कोणीतरी तिला हाक मारत होतं.

"बरं झालं नीट झालं तं," ती म्हणाली. "पण असं मले फोन करून नको सांगत जाऊ बाई." आणि तिनं फोन ठेवला.